नागुबाईची काच

लातूर जिल्हा झाला तेव्हा नव्या कचेऱ्यांना फोटोफ्रेमा लागल्या आणि काचा-फ्रेमा बसवणाऱ्या नागुबाईचं नशीब उघडलं, असं लोक म्हणतात. नशीब कसलं? बाई हाताची पक्की होती. मी तिथल्याच एका कचेरीत कारकून होतो, आणि तिचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

आमचं गाव लोह्याजवळ. आईचा एकच फोटो, बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर कुणीतरी काढलेला. पुढं लवकरच ती गेली. जिल्हा झाला त्याच साली धम्मचक्र दिनासाठी घर धुताना, विहिरीला पाणी आहे या खुशीत, वडिलांनी तिची फ्रेमसुद्धा बादलीत बुचकळून काढली. फोटो काचेला चिकटला तो चिकटलाच. आईच्या गालाकडे बुरशी सरकू लागली, तसा मी फ्रेम उचलून नागुबाईकडे आलो.

"ओला करून वर ओढू का?" मी कोपऱ्याला नख लावत विचारलं. तिनं माझ्या हातावर चापट मारली.

काच परातीतल्या पाण्यात ठेवून ती नुसती बसून राहिली. मी चुळबुळ करू लागलो.

"दमानं घ्या सायेब. वर वढलं की मधी जागा वाढती. ती भराया कडंचं पाणी झटक्यात पोचत न्हाई. मधला दाब कमी होतो, अन् बाहीरची हवा दोघांस्नी लई आवळून धरती. आडवं सरकवलं की जागा तेवढीच ऱ्हाती, मग गुमान सुटतं."

"कुठं शिकलात, बाई?"

"नांदेडला. पर उशिरा."

तिनं भिंतीकडे बोट केलं. तिथं एक नुसती काच टांगली होती. तिच्यावर फेटा आणि एक कान, बस्स. तिचा नवरा ज्ञानोबा दुष्काळात खडी फोडता फोडता गेला होता. पुढच्या पावसात घर गळलं, त्याचा फोटो काचेला चिकटला आणि तिनं घाईनं वर ओढला. चेहऱ्याच्या चिंध्या झाल्या. काही होतंय का बघायला ती काच घेऊन नांदेडच्या एका काचवाल्याकडे गेली. आता काही होणार नाही, म्हणाला तो. पण ओल्या काचा कशा सोडवायच्या ते त्यानं दाखवलं. ती तिथंच कामाला राहिली आणि पुढं लातूरला येऊन तिनं स्वतःचं दुकान टाकलं.

मग तिनं फोटोच्या कडेला दोन्ही अंगठे लावले आणि केसभर, केसभर सरकवत गेली. कपाळ सुटलं. नाक सुटलं. शेवटी आई पाण्यावर तरंगली आणि मी तिथंच रडलो.

नागुबाईनं फोटो फडक्यावर पसरला, बराच वेळ बघितला.

"सगळी आली हो," ती म्हणाली, आणि परात घेऊन पाणी टाकायला बाहेर गेली.