पंज्याएवढं भोक

लग्नानंतरच्या पहिल्याच पहाटे मी खराटा घेऊन बाहेर पडले आणि तिथेच माझं आणि सासूचं फिसकटलं.

आमच्याकडे केलिनची, म्हणजे सुनेची, लायकी झाडण्यावर ठरते. उजाडायच्या आत उठायचं, दारापुढच्या रस्त्यावर पाणी शिंपडायचं आणि असं झाडायचं की इथे कधी पान पडलंच नव्हतं असं वाटावं. नमनगानला माझ्या आईनं दहा वर्षं मला दुसरं काही शिकवलं नाही. चेहरा जेमतेम असलेल्या मुलीही खराट्याच्या जोरावर चांगल्या घरी पडतात, असं ती म्हणायची. तेव्हा ताश्कंदच्या कडेच्या या गल्लीत मी पहिल्या दिवशी जीव तोडून झाडत होते. समोरच्या घरातल्या कुम्री खोला, म्हणजे कुम्री मावशी, पडद्याआडून बघत होत्या, तेही मला दिसत होतं. रस्ता संपवून मी तुतीच्या झाडाखाली वळले.

"थांब. खराटा खाली ठेव."

दारात सासूबाई उभ्या. तुर्सुनोय त्यांचं नाव. गल्ली त्यांना तुर्सुनोय ओपा, म्हणजे ताई, म्हणे. मला ओयी म्हणायचं होतं, आई म्हणतो तसं.

"रस्ता हवा तेवढा झाड. पाण्याच्या पाटापासून भिंतीपर्यंत हात लावायचा नाही. तो पाला माझा आहे."

"पण ओयी, लोक काय म्हणतील?"

"लोक सव्वीस वर्षं माझ्या पाठीमागे बसून बोलत होते. ट्राम थांबली का?"

ओयी ट्राम चालवायच्या. बांधा आडवा, आवाज पहाडी, आणि राग असा की डेपोतले पुरुष त्यांच्या वाटेला जात नसत. दाराआड त्यांची एक पहार असे, कोपरापर्यंतच्या हाताएवढी, लोखंडी. रुळांचा सांधा अडला की ड्रायव्हरनं खाली उतरून त्या पहारेनं रूळ बदलायचा, अशी रीत होती. पुढे ट्राम बंद झाली, रूळ उखडले आणि त्यांच्या दोन्ही बाजूंची झाडंही रस्ता रुंद करायला गेली. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी गणवेश परत केला. ओयींनी पहार परत केली नाही. "विचारलं कोणी तर सांगीन, हरवली," म्हणाल्या. कोणाची हिंमत झाली नाही विचारायची.

घरी आल्यावर त्यांनी घरासमोरची तीस पावलांची पट्टी धरली. आमची गल्ली म्हणजे एकीकडे घरांच्या मातीच्या भिंती, दुसरीकडे रस्ता आणि मधे पाण्याचा पाट. इतर बायका त्या पट्टीत गुलाब लावत, खोडांना चुना फासत, आणि जमीन घोटून गुळगुळीत करत. ओयींनी उलटं केलं. त्यांनी पाला पडू दिला, पुदिना आणि रानगवत माजू दिलं, पाटाच्या काठी फुटके माठ उपडे घातले. माठांत बेडूक राहायला आले. भिंतीला गिलावा करू दिला नाही, कारण तिच्यात बोटाच्या पेराएवढी शेकडो छिद्रं होती आणि प्रत्येकात एक एकटी राहणारी मधमाशी. वळचणीला होल्यांनी घरटं केलं. होल्याला हाकलणं आमच्यात पाप, त्यामुळे तेवढ्यापुरतं तरी गल्लीनं तोंड मिटलं.

आणि गेटाखाली त्यांनी त्याच पहारेनं पंज्याएवढं भोक पाडलं. तिप्रतिकानसाठी. मुठीएवढा प्राणी, अंगभर काटे, भ्यायला की स्वतःचा चेंडू करून बसतो. अंधार पडला की तो या घरातून त्या घरात गोगलगायी वेचत फिरतो. पण आता सगळ्यांनी पत्र्याची गेटं आणि खाली सिमेंटचे उंबरे घातले होते. ओयींनी दारोदार जाऊन सांगितलं, तुमच्याही गेटाखाली एक भोक पाडा. कुम्री खोला हसून म्हणाल्या, "ओपा, आज काटेवाला, उद्या चोरांसाठी पण खिडकी ठेवायची का?" गल्ली वर्षभर त्या विनोदावर जगली.

मीही मनातल्या मनात हसले होते, खोटं कशाला बोलू. नवरा लग्नानंतर महिन्याभरात रशियात, कझानला बांधकामावर गेला. मी, ही सासू आणि तिचा कचरा, असं आयुष्य उरलं. पाणी भरायला गेले की बायका विचारत, "तुमच्या दारात पाला फार. बरं नाहीये का तुला?" म्हणजे आळशी आहेस का. तळपायाची आग मस्तकात जायची. राग ओयींवर काढता येत नसे, म्हणून मी पिठावर काढायची. त्या वर्षी आमची रोटी फार मऊ व्हायची.

पानगळीत बातमी आली की शहरातली समिती आदर्श गल्ली निवडायला येणार. मोहल्ल्याचे अक्सकाल, म्हणजे पांढऱ्या दाढीवाले प्रमुख, मिरोबिद अका. यांची दाढी रोज घोटलेली असते, ते सोडा. त्यांनी रविवारी हशर ठरवला. सगळ्या गल्लीनं मिळून राबायचं आणि शेवटी एका कढईतला पुलाव खायचा. पाला जाळायचा, खोडांना चुना, पाटाला सिमेंट. मातीचा पाट म्हणे गावंढळ दिसतो.

ओयींनी त्यांना दारातूनच सांगितलं, "माझ्या तीस पावलांत सिमेंट येणार नाही. झाड पितं कुठून, तुमच्या भाषणातून?"

पण नेमकी शुक्रवारी त्यांची डेपोतली मैत्रीण चिर्चिकला वारली. तीन दिवसांसाठी निघताना त्या मला म्हणाल्या, "कोपऱ्यातल्या ढिगाला हात लावायचा नाही. तिथे तिप्रतिकान झोपलाय. वसंतापर्यंत उठणार नाही."

हे त्यांनी मला सांगितलं होतं. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

रविवारी सगळी गल्ली बाहेर. मी मुकाट्यानं रस्ता झाडत होते. कुम्री खोला मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या, "नमनगानच्या पोरींना सरळ रेषेतच झाडता येतं वाटतं. झाडाखाली खराटा वळत नाही."

बायका हसल्या. तेवढंच. एवढ्याशा हसण्यासाठी मी काय केलं ते ऐका. मी तुतीखाली शिरले. आईनं शिकवलेलं सगळं त्या तीस पावलांत ओतलं. पान न् पान ओढून काढलं, माठ उचलून बाजूला रचले, गवत उपटलं. कोपऱ्यातल्या ढिगात खराट्याचा दांडा दोनदा खुपसून पाहिला. काही हललं नाही. म्हटलं, सासूची कल्पना, दुसरं काय. सगळा ढीग ओढून रस्त्याच्या कडेला आणला. बायका म्हणाल्या, "बारकल्ला, केलिन! आता कळलं हिला आईनं वाढवलंय." मी सुखानं लाल झाले. काडी मीच लावली.

सिमेंटवाल्यांनी येऊन विचारलं, "इथे करायचं का? ओपा नाहीयेत." मिरोबिद अका माझ्याकडे बघत होते. मालकिणीसारखं बोलायची संधी मला पहिल्यांदा मिळाली होती. मी म्हटलं, "करा."

सोमवारी ओयी आल्या. झाडाखाली बघितलं, पाट बघितला, राखेपाशी गेल्या. काठीनं राख चाळली. तो तसाच होता, चेंडू करून. काटे जळून गेले होते.

"काडी कोणी लावली?"

"मी."

मला वाटलं होतं, आता तो डेपोचा आवाज निघेल. निघाला असता तर बरं झालं असतं. त्यांनी डोक्यावरचा रुमाल सोडला, त्यात त्याला घेतलं आणि तुतीच्या बुंध्याशी पुरलं. त्यानंतर सगळा हिवाळा माझ्याशी बोलल्या ते शब्द मी मोजून सांगू शकते. चहा. मीठ. दार लाव.

गल्लीला बक्षीस मिळालं. 'आदर्श गल्ली' अशी निळी पाटी आली आणि ती कुठे ठोकली असेल? आमच्या तुतीच्या खोडात. चार खिळे.

मग उन्हाळा आला. सिमेंटच्या पाटातून पाणी असं पळायचं जणू गल्लीत त्याला कोणाचं देणं होतं. मातीच्या पाटात ते रेंगाळायचं, मुरायचं, झाडं पीत राहायची. जूनमध्ये तुतीचा शेंडा वाळला. मग एक अख्खी बाजू. रस्त्यावर पहिल्यांदाच ऊन पडलं आणि पुढच्या दारी चहा पीत बसणारे म्हातारे घरात गेले. बेडूक नव्हते, डास मात्र मुबलक. बिनशंखाच्या गोगलगायींनी कुम्री खोलांच्या कोबीची जाळी करून टाकली.

"या आल्या तरी कुठून, केलिन?" त्यांनी मला विचारलं.

"कुठून नाही आल्या," मी म्हटलं. "इथेच होत्या. त्यांना खाणारा आपण भाजला."

त्यांना कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. आठ दिवसांनी मिरोबिद अका दारात उभे. हातात कागद. तुती वाळलीये, कोणाच्या डोक्यावर पडेल, समिती पुन्हा येतेय, रविवारच्या हशरमध्ये ती पाडू. चोर सोडून संन्याशाला फाशी! पाण्याला सिमेंटचा पायजमा घातला यांनी आणि तहानेनं मेल्याबद्दल शिक्षा झाडाला. ओयी आतल्या खोलीत होत्या. त्यांच्या कानावर सगळं गेलं. त्या बाहेर आल्या नाहीत. गेल्या वर्षीच्या ओयी त्या कागदाची होडी करून पाटात सोडत्या. त्यांना असं बसलेलं बघून मला जी चीड आली ती आधी मिरोबिद अकांची, मग कुम्री खोलांची, आणि फिरून फिरून माझीच.

रविवारी सकाळी गल्ली जमली. करवतवाला आला. मी दाराआडची पहार घेतली, पाटात उतरले आणि घाव घालायला सुरुवात केली.

कोणाला काही समजेना. मिरोबिद अका धावत आले. "काय करतेस हे? ही मोहल्ल्याची मालमत्ता आहे!"

"परवानगी मी दिली होती. मीच परत घेते."

"तुला काय अधिकार? घरातल्या मोठ्यांना बोलाव!"

"सिमेंट घालताना मोठ्यांची आठवण झाली नाही ती?"

मागून कोणीतरी म्हणालं, नवऱ्याला कझानला फोन करा. मी पहार मारत राहिले. खरं सांगायचं तर सिमेंटला ओरखडेसुद्धा धड पडत नव्हते. हाताची सालं निघाली, डोळ्यांत पाणी आलं आणि ते लोकांना दिसू नये म्हणून मी मान खाली घालून अजून जोरात मारत होते.

"मध्ये नको मारूस." ओयींचा आवाज. आठ महिन्यांनी एक पूर्ण वाक्य. "जोडावर मार. टोक जोडात घाल आणि अंग टाक. सांधा तसाच हलतो."

मी टोक जोडात घातलं आणि अंग टाकलं. लादी उचकटली. खाली काळी माती होती, महिनोनमहिने तहानलेली.

ओयी तुतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, त्या निळ्या पाटीखाली. करवतवाल्याला म्हणाल्या, "ये बाळा. आधी मला काप, मग पाटीला, मग झाडाला. क्रम चुकवू नकोस." करवतवाला तिथेच बसून सिगारेट पेटवता झाला. त्याला काय, त्याला पुलाव मिळणारच होता.

दुपारपर्यंत तीस पावलं मोकळी झाली. मिरोबिद अकांनी माझ्या नावानं तक्रार लिहिली, ती अजून कुठल्यातरी टेबलावर आहे. आदर्श गल्लीची पाटी समितीनं काढून नेली. कुम्री खोला महिनाभर बोलल्या नाहीत, तेवढीच शांतता.

तुती अर्धी जगली. वाळलेली बाजू ओयी तोडू देत नाहीत. तिच्यात सुतारपक्ष्यानं ढोली केलीये. माठ परत उपडे घातलेत, बेडूक दोन आलेत. मी रोज पहाटे उठते, रस्ता झाडते आणि पाटाशी थांबते.

पण तिप्रतिकान आला नाही. येणार कुठून? आमच्या गेटाखाली भोक आहे, पण आजूबाजूच्या अकरा घरांचे उंबरे सिमेंटचे. रस्ताच नाही त्याला. म्हणून आता मी पहार घेऊन दारोदार जाते. काम मी करते, राडारोडा मी उचलते, फक्त हो म्हणा, असं सांगते. काही जण दार लावतात. कोबी गेलेले हो म्हणतात.

संध्याकाळी ओयी अंगणात बशीत पाणी भरून ठेवतात. मला क्षमा केली असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मी विचारणारही नाही. त्या फक्त विचारतात, "किती झाली?"

"पाच."

"सहावं?"

"कुम्री खोलांचं. आज चहाला बसवलं. बघू म्हणाल्या."

"उद्या परत जा," ओयी म्हणतात आणि माझ्या हातातली पहार घेऊन, पुसून, दाराआड ठेवतात.