आम्ही रविवारचे एमबीए

साइटवर दोन गोष्टी आपोआप जमत जातात. एक, सिमेंटची रिकामी पोती, आणि दुसरे किस्से! पोती कोणीतरी मागून नेतं. किस्से मात्र आपल्याच गळ्यात राहतात. मेडशीजवळचं आमचं रस्त्याचं काम कधीच संपलं, कॅम्प उठला, आमचं पत्र्याचं ऑफिस होतं तिथे यंदा सोयाबीन उभं आहे. पण मी, गजा आणि विशाखा एकत्र बसलो, की पहिला चहा संपायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "अन् तो दिवस आठवते काय बे?" झालं! मग दुसरा चहा सांगावाच लागतो.

आम्ही तिघंही त्या साइटवर ज्युनियर इंजिनियर. मी धनजचा, गजा तिथलाच मेडशीचा आणि विशाखा केनवडची. तिघांनी मिळून प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या एमबीएला नाव घातलं. क्लास दर रविवारी वाशीमला. कारण अगदी सरळ होतं. पुढे रिसोडकडे एका पुलाचं काम निघणार होतं, आणि ही डिग्री असेल त्यालाच तिथे प्रोजेक्ट मॅनेजर करू, असं कंपनीने सांगून टाकलं होतं.

मला आणि गजाला वाटायचं, झालो तर झालो. विशाखाचं तसं नव्हतं. बाईमाणूस म्हणून तिला नागपूरच्या ऑफिसात टेबलावर बसवायचं जवळजवळ ठरलंच होतं. ती चिडायची. "मले एसीत बसून बिलं नाही तपासायची! मले साइट पायजे. पूल माह्या देखत उभा राह्यला पायजे." तिच्यासाठी ती डिग्री म्हणजे एकच दार होतं, आणि तेही किलकिलंच.

*

आमचे प्रोजेक्ट मॅनेजर इंगोलेसाहेब. रिटायरमेंटला टेकलेले, मनाने लोणी, पण आवाज रोडरोलरच्या वरताण! ऍडमिशनचे पेढे घेऊन गेलो तर पेढा तोंडात टाकून म्हणाले, "प्रोजेक्ट म्हंजे मजूर, मुरूम अन् मुकादम. याच्यातलं कोनतं तुमच्या पुस्तकात हाय?"

गजा प्रामाणिक माणूस. म्हणाला, "साहेब, पहिल्या सेमिस्टरले तं तिन्ही नाही."

"मंग दुसऱ्याची वाट पाहा!" असं म्हणून साहेबांनी दुसरा पेढा उचलला.

*

ते रविवार मला अजून हवेहवेसे वाटतात. सकाळची एसटी, मांडीवर डबे, खिडकीतून येणारा गार वारा. विशाखाच्या आईने दिलेला ठेचा मालेगाव यायच्या आतच संपायचा, आणि दुपारी आम्ही कोरडी भाकरी खात एकमेकांवर आळ घ्यायचो. सर परदेशातल्या कुठल्याशा विमानतळाची केस स्टडी शिकवायचे. आम्ही मनातल्या मनात तो विमानतळ मेडशीच्या मुरमावर बांधायचो आणि गजा हळूच विचारायचा, "सर, तिथं मुकादम कोन होता?"

या डिग्रीचा पहिला फायदा गजालाच झाला, आणि तोही लग्नाच्या बाजारात. त्याच्यासाठी पोरगी पाहायला कारंज्याकडे गेलो होतो. चहा-पोहे झाले. पोरीच्या वडिलांनी विचारलं, "शिक्षन?"

"इंजिनियरिंग झालं. आता प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये एमबीए करून राह्यलो."

"म्हंजे काय करतेत त्याच्यात?"

गजा खुलला. पार खुर्चीच्या टोकावर आला. "कोनतं काम पहिले, कोनतं मागून, कोनतं कोनाले द्याचं, हे सारं मी ठरवतो!"

वडील खूश. मामा खूश. तेवढ्यात खाली मान घालून बसलेली पोरगी मान वर करून म्हणाली, "कामं ठरवनारे आमच्या घरी लय हायेत. करनारा एखादा असन तं सांगा."

मी पोह्यांच्या बशीत तोंड घातलं.  गजाने घसा साफ केला आणि समोरच्या रिकाम्या बश्या गोळा करून आत नेऊन ठेवल्या!

आता तीच त्याची बायको आहे. बश्या अजून तोच उचलतो.

*

दुसऱ्या वर्षी 'रिस्क मॅनेजमेंट' आलं. साइटवरचे धोके शोधा आणि त्यावर उपाय सुचवा, असा स्वाध्याय होता. विशाखाने थेट मुकादम रहीमभाईलाच विचारलं, "भाई, आपल्या कामाले सगळ्यात मोठा धोका कोनता?"

मला वाटलं, साप म्हणतील, ऊन म्हणतील. रहीमभाईने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ताई, साहेबाची चतुर्थी."

खरंच होतं ते! इंगोलेसाहेब संकष्टीला कडक उपाशी. चंद्र निघेपर्यंत साबुदाणासुद्धा नाही. दुपारपासून जो दिसेल त्याच्यावर डाफरायचे. त्या दिवशी कॉंक्रीट ओतायला घेतलं, की हमखास भांडण, हमखास मिक्सर बंद आणि मजूर घरी.

विशाखाने काय करावं? पुढचं सगळं वेळापत्रक बांधताना तिने प्रत्येक चतुर्थीला कॉंक्रीटचं काम ठेवलंच नाही. त्या दिवशी नुसतं पाणी मारायचं, खडी सारखी करायची, मशिनी धुवायच्या. कोणाशी बोलायचं कामच नाही. साइट अशी सुरळीत चालली की विचारू नका.

पण साहेब काय कमी! एक दिवस भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून उभे राहिले. "हे दर महिन्याले एक दिवस कॉंक्रीट बंद कायले?"

विशाखा म्हणाली, "रिस्क हाय साहेब."

"कायची?"

मी टेबलाखाली पेन शोधायला लागलो. गजाला फोन आला, म्हणजे तो नुसताच कानाला लावून बाहेर गेला. शेवटी रहीमभाईनेच जिवावर उदार होऊन सांगितलं, "साहेब, तुमची चतुर्थी हाय त्या दिवशी."

आता पत्रे उडणार!  साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "अंगारकीले दोन दिवस धरत जा."

*

विशाखाच्या गावी, केनवडला, जयंतीच्या मिरवणुकीची मीटिंग. समाजमंदिरात सगळी वस्ती जमलेली. गावाने विशाखाला सांगितलं, तू एवढी मॅनेजमेंट शिकून राह्यली, तर यंदा मिरवणूक तूच लाव. दरवर्षीचं दुखणं एकच, मिरवणूक वेळेवर कधी निघायची नाही आणि वेळेवर कधी संपायची नाही. रात्री जेवायला बसेपर्यंत भाजी पार थंडगार.

मीटिंग सुरू झाली आणि एकेकाला स्फुरण चढलं. एक म्हणे बँड पायजे, दुसरा म्हणे लेझीम, तिसरा म्हणे घोडे. विशाखाने शांतपणे नियम सांगितला, "काहीबी वाढवा, माही ना नाही. पन एक वाढवलं, का एक कमी करा लागन. काय कमी करू ते बी तुमीच सांगा."

 कोणी कोणाचं काही कमी करायला तयार होईना. मग अगदी मागून एका म्हातारीचा आवाज आला, "भाषनं काढा माय!"

काय टाळ्या पडल्या! वस्तीचा ठराव एकमताने पास झाला, पुढच्या रांगेतली चार माणसं सोडून. ती चारही भाषणवालीच होती. त्या वर्षी गावाने गरम भाजी खाल्ली.

विशाखाने हाच प्रसंग परीक्षेच्या प्रकल्पात लिहिला. तोंडी परीक्षेला आलेल्या सरांनी तो वाचला, हसले, आणि मार्कांचं काही न बोलता विचारलं, "आमच्या कॉलेजचं गॅदरिंग लावायला येता का हो?"

*

अखेर तिघंही पास झालो आणि मुलाखती लागल्या. नागपूरहून मोठे साहेब आमच्याच पत्र्याच्या ऑफिसात आले. पत्रा पातळ. आतलं सगळं बाहेर ऐकू यायचं, म्हणून अर्धी साइट भिंतीला टेकून उभी.

आधी गजा. "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

"बायकोले विचारून सांगतो साहेब."

माझ्या मुलाखतीचं न सांगितलेलंच बरं. मग विशाखा आत गेली. हातातल्या रुमालाची पार दोरी करून टाकली होती तिने. बाहेर मला आणि गजालाच घाम फुटला. 

मोठे साहेब म्हणाले, "मार्क चांगले आहेत. पण साइटवर मुकादम, ड्रायव्हर, गावकरी, सगळ्यांचा संताप अंगावर घ्यावा लागतो. तुम्हाला जमेल?"

ती उत्तर द्यायच्या आत कोपऱ्यातून रोडरोलर बोलला, म्हणजे इंगोलेसाहेब. "साहेब, या पोरीनं माहा राग वेळापत्रकात बसवला. मुकादमाचं काय घेऊन बसले!"

"हे त्या डिग्रीमुळे झालं म्हणता?"

"तं! डिग्री नसती तं तिनं तो नुसता सहन केला असता."

बाहेर रहीमभाईने डोळे पुसले. मीही पुसले, लपवायचं काय त्यात?

*

पुलाचं काम विशाखालाच मिळालं. चार्ज घेतला त्या संध्याकाळी कंपनीच्या जीपने ती केनवडला घरी निघाली. मी आणि गजा मागच्या सीटवर होतो.

रस्त्याच्या कामावर एक रीत असते. लांबून साहेबाच्या जीपचा धुरळा दिसला, की मुकादम खाकरतो आणि बसलेला माणूस झटकन फावडं घेऊन उभा राहतो. काम असो की नसो. विशाखाच्या बाबांची सारी उमर अशाच रस्त्यांवर मजुरी करण्यात गेली.

आम्ही पोचलो तेव्हा ते अंगणात बाजेवर शेजाऱ्यांसोबत चहा पीत बसले होते. जीप वळली. त्यांनी कप खाली ठेवला, भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं आणि ताठ उभे राहिले.

विशाखाने धावत्या जीपमधूनच हाक मारली, "बाबा, मी होय! बसा ना!"

ते बसेनात. शेजारच्या म्हाताऱ्याने त्यांचं धोतर ओढलं, "अबे, पोट्टी हाय तुही! कायले उठून राह्यला?"

जीपवरची नजर न काढता बाबा म्हणाले, "आजवर भेवानं उठलो. आज मले हौसेनं उठू दे."