हिंगाच्या डबीसह तीन बंदरं

"नाक चालत नसताना क्रूझवर कशाला जायचं?" हा प्रश्न आम्हाला हॉलंडमधल्या आमच्या अ‍ॅमस्टेलव्हीन गावातल्या प्रत्येक मराठी घरानं विचारला. व्हिडिओ कॉलवरून पुण्यानंही विचारून घेतला.

दोन हजार एकवीसच्या मार्चमध्ये कोविडनं सुनंदाचा आणि माझा वास एकाच आठवड्यात नेला. पंचवीस वर्षांच्या संसारातलं आमचं हे पहिलं एकमत. माझं काही अडलं नाही. मी मराठी वाचकांसाठी इथली वार्तापत्रं लिहितो, त्याला नाक लागत नाही. सुनंदाचं अडलं. ती इथल्या एकट्या राहणाऱ्या आयटीवाल्यांना डबे द्यायची. वासच येईना तेव्हा स्वतःच्या आमटीवरचा तिचा विश्वास उडाला आणि डबा बंद पडला. हाउसआर्ट्स, म्हणजे इथला घरचा डॉक्टर, म्हणाला, थांबा आणि रोज वास घ्यायचा सराव करा.

ऑक्टोबरात तिनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "थांबून झालं. ही बोट बघ. रोम-बार्सिलोना नाही, छोटी बंदरं. मासे, मीठ, मसाले. तिथे नाक जागं झालं तर ठीक. नाहीतर डबा कायमचा बंद."

जाणाऱ्यांसाठी सांगतो. स्खिपोल विमानतळावरून मिलान, तिथून जेनोआला गाडी बदलून साव्होना, तीनेक तास. बोटीवर चढण्याआधी लशीचा क्यूआर कोड आणि नाकात काडी. आमच्या नाकांचा तेवढाच उपयोग उरला होता. शिवाय बंदरावर एकटं फिरायचं नाही, बोटीच्या गटातच राहायचं, इतरांना शिवायचं नाही. याला बबल म्हणतात. माझं बालपण पाठशाळेत गेलं, तिथे याला सोवळं म्हणत.

पहिलं बंदर फ्रान्समधलं सेत. कालव्यांचं गाव. हॉलंडहून इतक्या लांब कालवे बघायला येणारे आम्हीच असू, पण इथे कालव्यावर ऊनही असतं. ऑक्टोपसचं सारण भरलेली 'तिएल' नावाची लालसर पोळी कागदात गुंडाळून मिळते, ती जरूर खा.

"कशी आहे?" मी विचारलं.

"गरम आहे," सुनंदा म्हणाली.

दुसरं बंदर मिनोर्का बेटावरचं माओ. तिथल्या जिनच्या कारखान्यात बाईंनी जिनला वास देणारी जुनिपरची फळं चुरडून सगळ्यांच्या तळहातावर दिली. सगळ्यांनी मास्क खाली करून "आहा!" केलं. सभ्यतेखातर आम्हीही केलं. न्यायशास्त्राप्रमाणे गंध हा पृथ्वीचा गुण, पाण्याला तो नसतोच. त्यामुळे भर समुद्रात आम्ही इतरांच्या बरोबरीचे होतो. जमीन आली की कमी पडायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बोट चालत असताना, केबिनचं दार वाजलं. दोन अधिकारी, हातात यंत्र. गॅस गळतोय अशी या मजल्यावरून तक्रार आली होती. यंत्र गप्प. मागे आमच्या केबिनची साफसफाई बघणारा दत्ताराम उभा होता, वेंगुर्ल्याचा, अर्धं आयुष्य बोटीवर गेलेला. त्यानं मास्क जरासा उचलला आणि डोळे मिटले.

"वहिनी, हिंग सांडलाय तुमचा."

सरावासाठी आणलेली हिंगाची डबी सकाळी मी बंद केली होती. म्हणजे केली नव्हती. अख्खा हिंग बॅगेत, माझ्या शर्टांवर. आम्ही दोघं तासन्‌तास त्याच्या शेजारी निवांत पुस्तकं वाचत बसलो होतो.

सुनंदा पलंगावर बसली. आता रडणार, असं मला वाटलं.

"कुठपर्यंत गेलाय वास?" तिनं विचारलं.

"खालच्या जिन्यापर्यंत."

"म्हणजे हिंग चांगला आहे."

दत्तारामनं घसा खाकरला. "थोडा द्याल? आमच्या मेसची डाळ म्हणजे पिवळं पाणी."

तिनं शर्ट झटकून हिंग गोळा केला आणि फोडणीची कृती लिहून दिली. संध्याकाळी त्याचा निरोप आला: "वहिनी, हिंग झकास. मोहरी करपली, तेल जास्त तापलं होतं." तिनं वहीत टिपून ठेवलं. मग म्हणाली, "नाकं आहेत की जगात. माझंच कशाला हवं?"

शेवटचं बंदर सिसिलीतलं त्रापानी. मिठागरं आणि पवनचक्क्या, म्हणजे हॉलंड काही पाठ सोडत नव्हतं. मसाल्याच्या दुकानाला गाइडनं दहा मिनिटं दिली. सुनंदानं ओरेगानोच्या जुड्या उचलल्या आणि एकेक करून आमच्या गटातल्या म्हाताऱ्यांच्या नाकाखाली धरायला सुरुवात केली. एका जर्मन आजोबांनी तीन जुड्या नापास केल्या.

"मॅडम, मास्क! बस निघतेय!" गाइड ओरडली.

"निघू दे," सुनंदा मला म्हणाली. "आपल्याला टाकून जाते कुठे? बबल आहे."

आजोबांनी चौथी जुडी पास केली. तीच घेतली.

घरी आलो. नाकं आली नाहीत, तिचंही नाही, माझंही नाही. बोलल्याप्रमाणे डबा कायमचा बंद व्हायला हवा होता. तशी आठवण मी करून दिली, त्यावर मला कांदे चिरायला बसवलं. आमची सतरा वर्षांची ईरा मराठी ऐकते आणि इंग्रजीत उत्तर देते. तिची नेमणूक नाक म्हणून झाली. पगार नाही, पण पहिली वाटी तिची.

सोमवारी सकाळी आमटीला फोडणी बसली आणि दारावरची घंटा वाजली. ईरा पळत जाऊन आली. शेजारचे डच आजोबा विचारताहेत, गॅस गळतोय का, असं तिनं इंग्रजीत सांगितलं.

सुनंदानं कढईवरून नजर हटवली नाही. "नाही म्हणावं. डबा सुरू झालाय."