घराण्याचा जबडा

माझ्या सासरच्या माणसांच्या तोंडांची मला किळस येते. हे मी लग्नानंतर नऊ वर्षांनी पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, तेही चंद्रपूरच्या एका दाताच्या दवाखान्यात, डॉक्टरांसमोर. त्याआधी मनातल्या मनात म्हणत होते आणि वरून सगळ्यांना चहा देत होते.

मी माजरीची. कोळशाच्या खाणीशेजारी वाढले. आमच्याकडे दोरीवरचे कपडे वाळता वाळता काळे व्हायचे, नाक शिंकरलं तरी काळंच. पण ते काळं साबणाने जायचं. लग्न होऊन चामोर्शीकडे आले आणि लाल रंगाशी गाठ पडली. इथे खर्रा खातात. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर खसाखसा घोटला की झाला खर्रा. पाहुणा आला की पाण्याच्या आधी पुडी पुढे होते आणि एका पुडीत चार जणांची बोटं जातात. न्हाणीघराची भिंत, गोठ्याचा कोपरा, नवऱ्याच्या मोटरसायकलची डावी बाजू, सगळीकडे ते लाल ओघळ. सासूबाई खर्रा खात नाहीत. त्या सकाळी अर्धा तास भाजलेल्या तंबाखूची पूड, म्हणजे नस, दातांना घासत बसतात आणि वर म्हणतात, "मी तर बाई काहीच खात नाई."

मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत खिडकीवर बसते. दिवसभर माझ्यासमोर तोंडं येतात. त्यातल्या अर्ध्यांना बोलताच येत नाही. मान वर करून, ओठ मिटून, "ऊं आं ऊं" करत ते आपलं काम सांगतात आणि मी ते समजून घेते. या बोलीत मी इतकी तरबेज झाले आहे की कुणी रिकाम्या तोंडाने बोललं तर दचकते.

मुलीच्या दातांचं प्रकरण सुरू झालं ते जामापासून. जाम म्हणजे पेरू, आमच्या अंगणात त्याचं झाड आहे. मुलगी तेव्हा सात वर्षांची, दुसरीत. एका दुपारी पाहिलं तर ती जाम तोंडाच्या कोपऱ्यात खुपसून, मान वाकडी करून दाढांनी तोडत होती.

"समोरच्या दातांनी खा ना," मी म्हटलं.

"समोरून तुटतच नाई, मम्मी."

मी तिचा ओठ वर केला. वरचे दोन नवे दात खालच्या दातांच्या मागे जाऊन बसले होते. डब्याचं झाकण बाहेरून बसण्याऐवजी आत पडावं तसं. खालच्या एका दाताची हिरडी खाली सरकली होती आणि तो दात शेजारच्यापेक्षा लांब दिसत होता.

मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, दाखवलं. त्यांना आनंद झाला. खरंच आनंद झाला. ते उठून गोठ्याकडे थुंकून आले आणि म्हणाले, "अवो, हा तर आपल्या घरान्याचा जबडा हाय. माह्या बापाचा असाच, माहा असाच, याचा असाच." याचा म्हणजे माझ्या नवऱ्याचा. भिंतीवरच्या फोटोत आजेसासरे हनुवटी पुढे काढून बसले आहेत. मामाजींची हनुवटी पुढे, नवऱ्याची पुढे. वंशाला दिवा नाही तर नाही, निदान हनुवटी तरी आली, असा तो आनंद होता.

घरात एक खेळही होता. पाहुणे जमले की मामाजी नातीला म्हणायचे, "आजोबा करून दाखव." मग ती मान वर करून, खालचा जबडा पुढे काढून, "ऊं आं" करत अंगणभर चालायची. लोक पोट धरून हसायचे. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू.

तालुक्यातल्या दाताच्या डॉक्टरांनी दोन मिनिटं पाहिलं. म्हणाले, आत्ता काही करायचं नाही, दुधाचे सगळे दात पडू द्या, बारा-तेरा वर्षांची झाली की तारा लावू. घरी सगळे निवांत झाले. मी मात्र रोज रात्री जेवणं आटोपली की तिचा ओठ खाली करून ती हिरडी बघायची. मला ती रोज आणखी खाली गेल्यासारखी वाटायची.

"डॉक्टर थांबा म्हणून राह्यला ना, मंग तुले काऊन घाई?" नवरा म्हणाला. म्हणजे म्हणाला असावा. तोंड भरलेलं होतं.

"तुमी थांबा," मी म्हटलं. "तिच्या हिरडीले कोन सांगनार थांबाले?"

दुसऱ्या शनिवारी मी मुलीला घेऊन एसटीने चंद्रपूरला गेले. तिथे फक्त वाकड्या दातांचं काम करणाऱ्या एक डॉक्टर बाई आहेत. माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी आधी मुलीशी गप्पा मारल्या, मग सांगितलं, "जिभेचं टोक टाळूला मागे लाव आणि आता हळू, अगदी हळू, दात मिट." मुलीने मिटले. वरचे आणि खालचे समोरचे दात टोकाला टोक लागून थांबले. मग खट्‌कन जबडा पुढे सरकला आणि पुन्हा तेच उलटं झाकण.

"पाहिलंत?" डॉक्टर म्हणाल्या. "दात दाताला अडतो, म्हणून ती जबडा पुढे सरकवून वाट काढते. दुधाचा एक दात पडायला हवा होता, तो राहिला, आणि नवा दात त्याच्या मागून आला, शेजारचाही त्याच्यासोबत आतच राहिला. मला वाटतं एवढंच आहे. पण एक सांगा, घरात कुणाचा जबडा पुढे आहे का?"

"सगळ्यांचा," मी म्हटलं.

त्यांनी हातातला आरसा खाली ठेवला. जबडा रक्तातून आलेला असेल तर गोष्ट वेगळी, म्हणाल्या. तो वाढत्या वयात वाढतच जातो, आता काही केलं तरी पुढे पुन्हा बिघडू शकतं, मोठेपणी ऑपरेशनपर्यंतही जातं. नुसता दात अडला असेल तर मात्र आत्ताच करायचं, काही महिन्यांत काम होईल. म्हणजे सगळं अडलं होतं माझ्या सासरच्या हनुवट्यांवर. "वडिलांना आणि आजोबांना घेऊन या," त्या म्हणाल्या. "मला त्यांचे दात बघायचे आहेत."

घरी येताना एसटीत मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून बसले आणि मनात त्या फोटोतल्या आजेसासऱ्यांना शिव्या घातल्या. गेलेल्या माणसाला इतक्या शिव्या मी कधीच घातल्या नव्हत्या.

पुढच्या वेळी भाड्याची गाडी केली. नवरा पुढे बसला, आम्ही तिघं मागे. मूल गाव मागे पडल्यावर नवऱ्याने काच खाली केली आणि चालत्या गाडीतून पिंक टाकली. ती वाऱ्याने उलटून मागच्या काचेवर आली. त्याच काचेला नाक लावून माझी मुलगी बाहेरचं सागाचं जंगल बघत होती. काच बंद होती म्हणून वाचली. तिने मागे सरून ते लाल थेंब खाली ओघळताना पाहिले आणि बोटाने आतून त्यांच्या मागे रेघ ओढत राहिली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला ओकारी आली ती पिंकेमुळे नाही, तिच्या त्या बोटामुळे.

दवाखान्यात शिरताना मामाजी दारातल्या मनीप्लँटच्या कुंडीत थुंकले. डॉक्टरांनी दोघांना बेसिनकडे पाठवलं. "चूळ भरा." लाल पाणी. "अजून एकदा." लाल. "अजून." मी मोजायचं सोडून दिलं. तोंडाच्या कुठल्या कुठल्या कपारीतून सुपारीचा भुगा निघत होता आणि पांढऱ्या बेसिनवर चिकटत होता. शेवटी पाणी गुलाबीवर आलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "चालेल. आता बसा आणि दात मिटा. मान खाली. सरळ समोर बघा."

मामाजींनी दात मिटले. डॉक्टरांनी ओठ बाजूला केला आणि मला बोलावलं. वरचे दात पुढे, खालचे मागे. दात जळक्या लाकडासारखे काळे, पण जागच्या जागी. मग नवरा. त्याचंही तसंच, वरचे पुढे आणि खालचे मागे. आणि तोंड रिकामं झाल्यावर दोघांच्या हनुवट्या निमूट मागे गेल्या होत्या. नऊ वर्षांत मी माझ्या नवऱ्याची खरी हनुवटी पहिल्यांदा पाहिली. बरी आहे.

"यांचे जबडे एकदम बरोबर आहेत," डॉक्टर म्हणाल्या.

"मग ते पुढे आलेलं?"

"तोंडातलं सांडू नये म्हणून तसं धरतात. सवय होते मग."

घराण्याचा जबडा! तीन पिढ्यांचा अभिमान, आणि होता काय, तर थुंकीला घातलेला बांध. दिवसभर खिडकीवर मी हेच बघत होते, तरी घरात मला ते ओळखू आलं नाही. वर पोरीला तेच करून दाखवायला लावून आम्ही हसत होतो. तेव्हा मी म्हटलं. "मला किळस येते. या सगळ्यांच्या तोंडांची किळस येते मला." इतक्या मोठ्याने म्हटलं की बाहेर काम करणारी मावशी डोकावली. मामाजी माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा हात सवयीने खिशातल्या पुडीकडे गेला आणि डॉक्टरांना बघून परत आला.

डॉक्टरांनी मुलीकडे वळून सांगितलं, तिच्यावर आत्ताच उपचार करायचे. राहिलेला दुधाचा दात काढायचा, मग टाळूला एक छोटी पट्टी बसवायची, तिची स्प्रिंग वरचे दात हळूहळू पुढे ढकलेल. जबड्याला काही झालेलं नाही. "तुला लवकर आणलं," त्या तिचा गाल धरून म्हणाल्या. "बरं झालं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थांबा म्हणणाऱ्यांचं ऐकलं असतं तर काय, हा विचार मी अजूनही करते.

मग त्या सहज म्हणाल्या, "आलाच आहात तर तुम्ही आ करा बघू." हे नवऱ्याला. त्याने आ केला. "पूर्ण उघडा."

"पूर्नच हाय," तो म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्या दातांमध्ये स्वतःची बोटं उभी धरून पाहिली. दोन गेली, तिसरं गेलं नाही. गालाला आतून हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. आतून गाल पांढरट आणि ताठ झाला होता. "तिखट झोंबतं का?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

दोन वर्षं हा माणूस मला म्हणत होता, भाजी लय तिखट झाली. दोन वर्षं मी भांडत होते. माझ्या आईने शिकवलेल्या चवीला नावं ठेवू नका म्हणत होते, सासूबाईंच्या हातचं चालतं आणि माझंच कसं झोंबतं म्हणत होते. मुद्दाम एक मिरची जास्त घातली आहे मी. त्याला नुसतं वरण-भात खाताना पाहून मला वाटायचं, नाटक करतो. मुलीचा ओठ रोज वर-खाली करून बघणारी मी, त्याच्या तोंडाकडे किळस येते म्हणून बघतच नव्हते.

तपासणीसाठी त्याच्या गालाचा तुकडा पाठवला. वाईट काही निघालं नाही, पण आता दर काही महिन्यांनी दाखवायचं आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, खर्रा सोडला तर इथे थांबेल, पण जेवढं आवळलं गेलं तेवढं सगळं परत येणार नाही. रोज आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि तोंड ताणायचं, एवढा एक व्यायाम दिला. त्याने खर्रा सोडला आहे, असं तो म्हणतो. मी रोज मोटरसायकलची डावी बाजू बघते. कधी स्वच्छ असते, कधी नसते.

मुलीची पट्टी गुलाबी रंगाची होती. ती लावून पहिले आठ दिवस ती बोबडं बोलायची, मग सरावली. संध्याकाळी बाप-लेक ओसरीवर बसायचे, ती पट्टी लावून आणि तो काड्या धरून, आणि ती त्याच्या काड्या मोजायची. पाचव्या महिन्यात तिचे वरचे दोन्ही दात उडी मारून पुढे आले. हिरडीही सावरतेय, असं डॉक्टर म्हणाल्या. मामाजींनी नातीची हनुवटी धरून इकडून-तिकडून पाहिली आणि हळहळले, "आता आपल्यासारखी दिसत नाई पोरगी."

"नाई दिसत, मामाजी," मी म्हटलं. "त्यासाठीच तर चंद्रपूरले चकरा मारल्या."

परवा झाडावरचा पहिला जाम पिकला. मुलीने तो समोरून, सरळ, दातांनी तोडला. तिने धावत येऊन मला दाखवला. पांढऱ्या गरात दोन दातांचे दोन रुंद ठसे होते. मग तो जाम तिने बापापुढे धरला. "आता तू खा, पप्पा. समोरून."

त्याने आ केला. जाम ओठांना लागला आणि तिथेच थांबला. त्याने मान तिरपी केली, पुन्हा लावला, हसला. ती त्याच्याजवळ सरकली, माझ्या मोबाइलचा टॉर्च लावला आणि डॉक्टरांसारखीच त्याची हनुवटी धरून आत पाहू लागली. "आ कर. अजून कर ना." खूप वेळ पाहिलं तिने.

"तुले उशिरा आनलं, पप्पा," ती म्हणाली.

त्याने जाम माझ्या हातात दिला. मी आत जाऊन त्याच्या बारीक, कागदासारख्या पातळ फोडी केल्या आणि ताटलीत त्याच्यापुढे ठेवल्या. तिखट-मीठ लावलं नाही.