आपल्या रानातली हळद

लेकीच्या लग्नात मी किती थकले होते हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी कबूल केलं नसतं. लेक अकोल्याला दवाखान्यात नर्स आहे. माझं माहेर-सासर दोन्ही धरून नोकरीला लागलेली पहिली बाई. कारंज्याच्या बाजारात वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकताना मी हे गिऱ्हाइकांना न विचारता सांगायचे. नवरा म्हणायचा, "अवं, त्याले वांगे दे आधी, तो निघून चालला."

आदल्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं आणि त्याच दिवशी मी जाहीर करून टाकलं, की हिच्या अंगाला हळद लागेल ती आपल्या रानातली, आणि लावेन मी माझ्या हातानं. माझी बहीण रिसोडकडे हळद पिकवते. तिच्याकडून बेणं आणलं. विहिरीजवळच्या मेथीच्या दोन सऱ्या मोडल्या आणि हळद लावली. नवरा मोडलेल्या मेथीकडे बघत राहिला. नऊ महिने निंदलं, पाणी दिलं. मग खणून काढली, कढईत उकडली, टिनावर वाळवली, पोत्यात घालून घासघास घासली. हळकुंडं अशी पिवळीधम्मक निघाली, की मी ती शेजारणींना बोलावून दाखवली.

लेक फोनवर म्हणाली, "आई, हळदीचं पाकीट भेटते ना दुकानात. तू कायले मरून राह्यली?"

"पाकिटातली हळद लावाले तू काय बेवारशी हायेस?" मी म्हटलं.

हे वाक्य मी शेजारी राहणाऱ्या थोरल्या जावेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलीच्या लग्नात पाकिटातली हळद होती, आणि तेव्हापासून मी तिला ते विसरू दिलं नव्हतं. माझा स्वभाव तसाच आहे, आता लपवून काय करू.

लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा माझ्या अंगात काही उरलं नव्हतं. रुखवताच्या शेवया, कुरड्या, पापड सगळं मीच केलं होतं. कुणी हात लावला की ते मला वाकडं दिसायचं. रोज लोणच्यासाठी, भाजीसाठी मिरच्या चिरून बोटं भगभगायची, मग भगभगणंही कळेनासं झालं. पाय सुजले होते. उभ्या उभ्या डोळा लागायचा. जाऊ एकदा दारात येऊन म्हणाली, "आण ते इकडे, तू पड जराशी." मी म्हटलं, "जाऊबाई, तुमी बसा, तुमाले नाही जमायचं." ती गेली. खरं तर त्या क्षणी मला तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपावंसं वाटत होतं.

हळद दळायची तेवढी राहिली होती. आमच्याकडे कांडपाच्या गिरणीवर उन्हाळ्यात मिरचीच मिरची असते. त्याच मशीनवर हळद दळायची तर आधी ओंजळ-दोन ओंजळ ज्वारी फिरवून मशीन साफ करून घ्यावं लागतं. हे इथल्या लहान पोरीलाही माहीत आहे. मी ज्वारीची वेगळी थैली घेऊनच गेले होते. भर दुपार होती, पुढे सात-आठ डबे मिरचीचे. सगळ्यांना शिंका आणि खोकला चालला होता. मी भिंतीला पाठ टेकली. टेकली तेवढंच आठवतं. गिरणीवाल्यानं हाक मारली तेव्हा माझा डबा झाकण लावून तयार होता.

घरी येऊन पाहिलं तर ज्वारीची थैली गाठ मारलेली तशीच. डबा उघडला, हळद जराशी लालसर वाटली. मी स्वतःला सांगितलं, आपल्या रानातली आहे, रंग गडद असणारच. गिरणीवाल्यानं स्वतःची ज्वारी फिरवली असेल. बोटावर घेऊन पाहिली, काही झोंबलं नाही. झोंबणार कसं, त्या बोटांना काही कळायचंच बंद झालं होतं. ती ज्वारी मी अंगणात चिमण्यांना टाकली आणि कुणाला एक शब्द बोलले नाही.

हळदीच्या सकाळी मांडवात बायका जमल्या. लेक पाटावर बसली. नवरीच्या आधी सवाशिणींनी एकमेकींना हळद लावायची, आणि पहिला मान थोरल्या जावेचा. मी हळद तेलात कालवली, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "घरची हाये बरं," आणि जावेच्या दोन्ही गालांना भरभरून चोपडली.

क्षणभर काही नाही. मग जाऊ ताडकन उठली.

"अवं माय वं! काय टाकलं हिच्यात? आग होऊन राह्यली!"

मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. लेक पाटावरून उठली, घरात जाऊन दही घेऊन आली आणि काकूच्या गालांना लावू लागली. डब्यात बोट घालून तिनं वास घेतला. माझ्याकडे पाहिलं. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की गिरणीवर मी झोपले होते, आणि थैली बघून मला कळलंही होतं. वाटलं होतं जाऊ आता दोन वर्षांचं उट्टं काढेल. ती डोळे पुसत नुसती म्हणाली, "किती थकली व तू."

त्यानं मला जास्त लागलं. नऊ महिन्यांची हळद, आणि ती मी माझ्या लेकीच्या तोंडाला फासणार होते. मी नवऱ्याला म्हटलं, "जा, पाकीट आणा."

"बाबा, थांबा," लेक म्हणाली. "आई, हळकुंडं उरले काय?"

उरली होती. नवरा-नवरीच्या मनगटाला हळकुंड बांधतात, त्यासाठी मी मूठभर बाजूला ठेवली होती. "बांधाले दोन पुरतात," ती म्हणाली. "बाकीचे सहाणेवर उगाळू." उगाळायला वेळ लागतो. जाऊ दह्याच्या तोंडानंच सहाणेपाशी बसली, तिच्या मागे दुसऱ्या बायका पाळी लावून बसल्या. मी पुढे झाले तर लेकीनं माझा दंड धरला, दवाखान्यात पेशंटला धरतात तसा, आणि आतल्या खोलीत नेऊन आडवं केलं. "होईपर्यंत पड," म्हणाली. मी म्हटलं, "मले उठवजो." ती हो म्हणाली.

मला जाग आली तेव्हा मांडवातली गाणी थांबली होती. पत्रावळी मांडल्याचा आवाज येत होता. मी धडपडत उठून बसले. माझ्या लेकीची हळद झाली होती आणि मी झोपले होते.

लेक उशाशीच बसली होती. कपाळ, हात, पाय, सगळं पिवळं.

"काहून नाही उठवलं मले?"

"कोणालेच उठवू नाही देल्लं," ती म्हणाली. मग तोंड माझ्याकडे वळवलं. उजवा गाल हळदीनं माखला होता. डावा तसाच कोरा होता. हातात वाटी होती, तळाशी उगाळलेली हळद. "काकू म्हणे, एवढा तुह्या मायसाठी ठेव."

तिनं डोळे मिटून गाल पुढे केला. मी वाटीत बोटं बुडवणार, तोच हात मागे घेतला.

"थांब," मी म्हटलं, "हात धुऊन येतो." आणि मोरीत जाऊन दोनदा साबण लावला.