तिखाडीच्या भट्टीवर

भट्टी पेटली की गवत उकळायच्या देगेपासून हलायचं नाही. जाळ कमी-जास्त झाला की तेल बिघडलं! मग बसल्या बसल्या करायचं काय? एकमेकांची टर उडवायची. दुसरी मोठी लढाई लागायच्या आधी किन्हीराजाच्या डोंगरात आमची तिखाडी गवताचं तेल काढायची भट्टी होती. तिथले किस्से आठवले की अजून हसून हसून मला झोप येत नाही!

*

आमचे शेठ जवळच्याच मालेगावचे, किराणा दुकानवाले. पहिली कापणी झाल्यावर विचारतात, “पुढच्या सालासाठी बियाणं केवढं ठेवायचं?”

भट्टी सांभाळणारे गणपतदादा हसून लोळायचेच बाकी राहिले. “शेठजी, हे का ज्वारी हाय? मुया जमिनीतच राह्यतात. पानी पडलं का आपोआप फुटते!”

उन्हाळ्यात वणव्यानं डोंगर काळा पडला, तेव्हा शेठ डोक्याला हात लावून बसले. पावसाळ्यात त्याच जळक्या ठोंबांतून कोंब निघाले आणि पोळ्यानंतर गवत माझ्या डोक्यावर गेलं. शेठनी पेढे आणले आणि देवाऐवजी डोंगरापुढे ठेवले!

*

तिखाडी दोन जातींची. मोतिया वरच्या उघड्या, मुरमाड उतारावर विरळ वाढते, पानं काडीपासून आडवी पसरतात आणि वास थेट गुलाबाचा! सोफिया खाली ओलसर जागेत दाट वाढते, पानं उभी, वास आल्या-सुंठीसारखा. तेल हलक्या प्रतीचं, भाव कमी.

कापणाऱ्या महादूला चढायचा भारी कंटाळा. एकदा घटकाभरात भारा घेऊन हजर! दादांनी पान चुरगाळून हुंगलं.

“काबे, तुले डोंगरावर धाडलं होतं ना?”

“हो ना दादा. पन आज डोंगरच खाली आला होता!”

*

हंगामात तेलाचा वास अंगात मुरायचा. आंघोळ करा, नाहीतर माती फासा, जायचा नाही. बायको भडकली. “सेंट लावून कोनाच्या घरी जाऊन राह्यले तुमी?”

किती समजावलं, ऐकेना. शेवटी म्हटलं, तूच ये कापायला. आली. आठवडाभरात तिची जुनी तक्रार ऐकून सासूबाई भेटायला आल्या, लेकीला जवळ घेतलं आणि दचकल्या.

“जावयाचं राहू दे. तुह्यं काय चालू हाय?”

*

एका वर्षी मात्र सगळ्यांचे चेहरे उतरले. दुसऱ्या एका भट्टीच्या मोतिया तेलात सोफियाची भेसळ निघाली होती, म्हणून कनौजचा अत्तरवाला व्यापारी आमच्यावरही संशय घेऊन आला. त्यानं तेल नाकारलं तर शेठ भट्टी मोडणार होते, तसं सकाळीच सांगून टाकलेलं!

व्यापाऱ्यानं थेंब तळहातावर चोळला, हुंगला. “खुशबू तो मोतिया की है. मगर मिलावट नहीं, इसका भरोसा क्या?”

दादांनी आईची शपथ घेतली. महादूनंही घेतली, पण ती कुणी धरली नाही!

शेठनी घाईघाईनं चहा मागवला. भट्टीवर स्वयंपाक करणाऱ्या कौसाबाईनं घरच्या म्हशीच्या दुधाचा चहा आणला. व्यापारी एक घोट घेऊन थांबला. कप नाकाशी नेला. परत हुंगला. चहाला गुलाबाचा वास!

शेठ ओरडले, “कौसाबाई, चहात तेल कोनं सांडलं?”

“तेल नाई मालक! दूधच असं येऊन राह्यलं पोळ्यापासून. म्हैस मोतिया सोडून दुसरं काई खातच नाई!”

व्यापाऱ्यानं सगळा चहा पिऊन टाकला आणि जोडे घातले.

“तेल की जाँच रहने दो, सेठ. भैंस मिलावट नहीं करती! कहाँ चरती है, वो दिखाओ!”