पहिलं रीळ

यशवंतपूरच्या आमच्या टॉकीजमध्ये देवाप्पा सव्वीस वर्षं मशीन चालवत होता आणि मी तिकीट खिडकीवर बसून जांभया देत होतो. शहाण्णव सालापर्यंत केबलवाल्यांनी आमचं कंबरडं मोडलं होतं. बाल्कनीत माणसांपेक्षा कबुतरं जास्त. मालक हणमंतराव टॉकीज पाडून मंगल कार्यालय बांधायच्या गोष्टी करत, आणि वाद घालण्याइतकं त्राण आम्हा दोघांतही उरलं नव्हतं.

एका गोष्टीत मात्र देवाप्पाचा जीव अडकला होता. मुखवटा घालून इमारतींवरून झेपा घेणाऱ्या, एकट्यानं शहर वाचवणाऱ्या माणसांची इंग्रजी चित्रं, म्हणजे सिनेमे. "धा-पंधरा वर्सांत बगा, सगळं जग ह्येच बगणार," असं तो निपाणीच्या बोलीत सांगायचा. मला हसू यायचं. पण मालकांच्या मागे लागून त्यानं तसलं एक चित्र आठवडाभर मॉर्निंग शोला आणवलंच.

"सरी," हणमंतराव कानडीत म्हणाले, म्हणजे ठीक आहे. "चाललं तर टॉकीज ठेवतो. नाही तर तूही घरी, मीही घरी."

चित्र होतं लांबलचक आणि मॅटिनीसाठी एक वाजता थिएटर रिकामं व्हायला हवं. अशा वेळी इंग्रजी चित्रातलं बोलण्याचं रीळ गाळायचं, ही आमची जुनी रीत. पब्लिकला इंग्रजी कळत नाही, मग नुसतं बोलणं कशाला? पहिलं रीळ बहुतेक बोलण्याचंच, म्हणून देवाप्पानं ते डब्यातच ठेवलं आणि थेट मारामारीपासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी लोक शिट्ट्या मारत आले, मग हसले, मग येईनासे झाले.

बुधवारी त्याची बायको अंबूबाई जेवणाचा डबा घेऊन मशीनच्या खोलीत आली आणि झरोक्यातून जरा वेळ पडद्याकडे बघत राहिली.

"ह्यो मानूस एवढा का झगडतोय ओ?"

"त्येची आई पुरात गेली. ह्यो काठावर हुता, वाचवता आली न्हाई."

"मग ते कुठं दावलासा?"

देवाप्पा त्या दिवशी जेवला नाही.

गुरुवारी, शेवटच्या दिवशी, त्यानं पहिलं रीळ लावलं. मॅटिनीला उशीर होणार म्हणून मी घाबरलो आणि जाऊन मालकांना चुगली केली. हणमंतराव तणतणत आत आले. पडद्यावर पूर आलेला, काठावर ओलाचिंब पोरगा आईला हाका मारतोय. मालक दारापाशीच थांबले, मग मागच्या खुर्चीत बसले. जेमतेम वीस माणसं होती, पण शेवटपर्यंत एकही हसला नाही.

शो सुटल्यावर हणमंतराव मशीनच्या खोलीत गेले. "हे आठवडाभर का नाही दाखवलंस रे, देवाप्पा?"

प्रिंट खराब होती म्हणाला असता, तर खपून गेलं असतं.

"मीच काढून ठेवलो हुतो, मालक. लोकांस्नी कळायचं न्हाई वाटलं."

हणमंतरावांनी पहिल्या रिळाचा डबा हातात घेतला. "स्वल्प, थोडं तरी आधी सांगायचं. काल संध्याकाळीच कंत्राटदाराला टॉकीज पाडायचा शब्द दिला मी."

संध्याकाळी आम्ही दोघं बस स्टॉपवर उभे होतो. मला स्वतःची लाज वाटत होती. चुगलीची तर वाटतच होती, पण त्याला वर्षभर हसलो याची जास्त.

"असली चित्रं चालणारच ओ," देवाप्पा म्हणाला. "आपल्याकडं चालायची ती मीच बंद केलो."